पालिकेच्या सभेत काय ठरले, ते विहारात वाचा

जेसीबी आला तेव्हा वस्तीला कळले.

विदर्भातल्या एका तालुक्याच्या गावी आम्ही काही वर्षांपासून काम करतो. तिथे बुद्धविहाराच्या मागे एक मोकळी जागा आहे. चौदा एप्रिलचा मंडप तिथेच पडतो. लग्नाच्या पंगती तिथेच बसतात. पोलीस भरतीची तयारी करणारी मुले पहाटे तिथेच धावतात. त्या जागेवर नगरपंचायतीने ओला-सुका कचरा वेगळा करण्याची शेड बांधायला घेतली. सकाळी नऊला मशीन आली, साडेनऊला अख्खी वस्ती गोळा झाली आणि काम थांबले. मग सगळे नगरपंचायतीत गेले. मुख्याधिकाऱ्यांनी आवाज न चढवता एक कागद पुढे केला. तो सर्वसाधारण सभेचा ठराव होता आणि त्यावर आठ महिन्यांपूर्वीची तारीख होती. सभेची नोटीस निघाली होती, सभा झाली होती, ठराव सर्वानुमते मंजूर झाला होता. खाली सूचकाचे नाव होते आणि अनुमोदकाचेही. अनुमोदक आपल्याच प्रभागाचे होते. राखीव जागेवरून निवडून आलेले, जयंतीच्या मिरवणुकीत सर्वांत पुढे चालणारे.

त्या दिवशी सगळा राग त्यांच्यावर निघाला. आम्हीही त्यात होतो, हे कबूल केले पाहिजे. दोन दिवसांनी त्यांच्या घरी जाऊन बसलो. ते म्हणाले, "भाऊ, विषयपत्रिकेवर नुसता गट नंबर होता. जागा कोणती, मला तरी कुठं कळलं? चोवीस विषय होते, पाऊण तासात सभा उरकली. सगळ्यांनी मंजूर म्हटलं, मीबी म्हटलं." काही जणांना हे खोटे वाटले. आम्हाला वाटले नाही. कारण ती विषयपत्रिका आम्ही नंतर मिळवून वाचली आणि पहिल्या वाचनात ती जागा आम्हालाही ओळखू आली नाही.

हा लेख त्या नगरसेवकांविषयी नाही. आठ महिने ती नोटीस, तो ठराव, ते इतिवृत्त नगरपंचायतीच्या इमारतीत पडून होते आणि वस्तीतल्या एकाही माणसाने ते पाहिले नव्हते, त्याविषयी आहे. आपल्याकडे पदवीधर आहेत, वकील आहेत, एमएसडब्ल्यू झालेले आहेत. संसदेत काय चालले आहे यावर रात्री अकरापर्यंत वाद घालणारे आहेत. पण आपल्या गावच्या पालिकेची पुढची सभा कोणत्या तारखेला आहे, असे विचारले तर सगळे एकमेकांकडे पाहतात.

ग्रामसभा गेली, तिच्या जागी काही आले नाही

हे गाव पूर्वी ग्रामपंचायत होते. २०१४-१५ च्या सुमारास राज्यातल्या अनेक तालुका मुख्यालयांच्या ग्रामपंचायतींच्या नगरपंचायती झाल्या, त्यातलेच हे एक. गाव 'शहर' झाले याचा तेव्हा आनंद झाला होता. काय गेले, ते नंतर लक्षात आले. ग्रामपंचायत होती तेव्हा २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर अशा ठरलेल्या दिवशी ग्रामसभा व्हायची. ती आदर्श होती असे कोणी म्हणणार नाही. गणपूर्ती व्हायची नाही, भांडणे व्हायची, आपल्या माणसाला बोलू द्यायचे नाहीत. पण कायद्याने ती मतदारांची सभा होती. मावशीबाईसुद्धा उठून विचारू शकत होती की मागासवर्गीयांच्या पंधरा टक्क्यांचे काय केले. तो 'पंधरा टक्के' शब्द वस्तीतल्या म्हाताऱ्या माणसांनाही पाठ होता.

नगरपंचायत झाली आणि ही सभा संपली. आता सतरा प्रभाग, सतरा नगरसेवक, वर नगराध्यक्ष, आणि सभा फक्त त्यांची. १९९३ साली लागू झालेल्या ७३ व्या घटनादुरुस्तीने गावाला ग्रामसभा दिली. त्याच वर्षीच्या ७४ व्या दुरुस्तीने शहरांना प्रभाग समित्या दिल्या, पण त्या तीन लाख किंवा त्याहून अधिक लोकसंख्येच्या शहरांना. मधली पंधरा-वीस हजारांची, पन्नास हजारांची गावे या दोन्हींच्या फटीत राहिली. राज्याच्या पालिका कायद्यांत नंतर 'क्षेत्रसभा' नावाची तरतूद आली खरी. आम्ही ज्या गावांत फिरतो तिथे अशी सभा भरलेली आम्ही आजवर पाहिलेली नाही.

त्यात भर प्रशासक राजवटीची. निवडणुका रखडल्यामुळे राज्यातल्या बऱ्याच नगरपरिषदांवर काही वर्षे प्रशासक होते. डिसेंबर २०२५ च्या निवडणुकांनंतर तिथे पुन्हा लोकनियुक्त सभा बसल्या. मधल्या काळात सभेचे अधिकार एकाच अधिकाऱ्याच्या सहीत होते. तुमच्या गावात असे झाले असेल तर त्या काळातल्या ठरावांची यादी आधी मागून घ्या, मग पुढचे बघा. आपल्या वस्तीची जागा, आपल्या वस्तीचा निधी यांविषयी त्या यादीत काय आहे ते एकदा नजरेखालून जायलाच हवे.

महाडचा तो ठराव कोणीतरी वाचला होता

चवदार तळ्याची आठवण आपण दरवर्षी २० मार्चला करतो. बाबासाहेबांनी ओंजळीत पाणी घेतले ते चित्र आपल्या प्रत्येकाच्या डोळ्यांसमोर आहे. पण त्या ओंजळीमागे एका लहान गावच्या नगरपालिकेचा ठराव होता, ही गोष्ट आपण पटकन सांगून पुढे जातो. तिथे थोडे थांबले पाहिजे.

४ ऑगस्ट १९२३ रोजी सी. के. बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळात मंजूर झाला. सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा, शाळा अस्पृश्यांना खुल्या कराव्यात असा तो ठराव. त्यापाठोपाठ सरकारने आपल्या खात्यांना तसे आदेश दिले. सुरेंद्रनाथ टिपणीस अध्यक्ष असलेल्या महाड नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे सर्वांना खुले असल्याचा ठराव केला. म्हणजे कागदावर तळे १९२४ मध्येच खुले झाले होते. पाणी मात्र तीन वर्षे कोणी भरू शकले नाही. १९ आणि २० मार्च १९२७ ची परिषद आणि तळ्याकडे गेलेला तो मोर्चा म्हणजे एका नगरपालिकेच्या मंजूर ठरावाची अंमलबजावणी होती. लोकांनी स्वतः चालत जाऊन केलेली.

पुढचा भाग आपल्या कामाच्या दृष्टीने आणखी महत्त्वाचा आहे. ऑगस्ट १९२७ मध्ये त्याच नगरपालिकेने आधीचा ठराव रद्द केला. सभेत, रीतसर, विषय घेऊन. त्यानंतर डिसेंबरची परिषद, न्यायालयाचा मनाई हुकूम, आणि मग तळे सार्वजनिक की खासगी हा खटला. तो मुंबई उच्च न्यायालयात १७ मार्च १९३७ ला संपला. ठराव होणे, न पाळला जाणे, गुपचूप मागे घेतला जाणे, हा सगळा प्रवास शंभर वर्षांपूर्वी महाडला झाला आणि आजही कोणत्याही नगरपरिषदेत होतो. फरक एवढाच की तेव्हाच्या कार्यकर्त्यांना तो ठराव माहीत होता. गावोगावचे निरोप चालत पोचत होते, तरी माहीत होता.

विषयपत्रिका कुठे असते आणि कशी वाचायची

आपल्या राज्यातल्या नगरपरिषदा आणि नगरपंचायती १९६५ च्या अधिनियमाने चालतात. त्याचे कलम ८१ सभांविषयी आहे. सर्वसाधारण सभेची नोटीस सात पूर्ण दिवस आधी आणि विशेष सभेची तीन दिवस आधी नगरसेवकांना द्यावी लागते. त्या नोटिशीत वेळ, ठिकाण आणि सभेपुढचे कामकाज लिहावे लागते आणि ती पालिकेच्या कार्यालयात लावावी लागते. सभा जनतेसाठी खुली असते. एखादा विषय बंद दाराआड घेण्याचे अध्यक्षांनी ठरवले तर गोष्ट वेगळी. पण एरवी तुम्ही मागे बसून ऐकू शकता. बोलता येणार नाही, गोंधळ केला तर बाहेर काढतील. ऐकायला मात्र कोणाची परवानगी लागत नाही. आमच्यातल्या तिघी पहिल्यांदा जाऊन बसल्या तेव्हा शिपाई दोनदा येऊन विचारून गेला, "तुमचं काय काम आहे?" तिसऱ्या सभेला त्यानेच खुर्च्या दिल्या.

पण सभा कामाच्या दिवशी, भर दुपारी असते. रोजंदारीवर जाणारी बाई, दुकानात नोकरी करणारा मुलगा तिथे जाणार कसा? म्हणून सगळ्यांनी सभेला जावे असा आमचा आग्रह नाही. दोघांनी जावे आणि बाकीच्यांना सांगावे.

विषयपत्रिकेची भाषा मुद्दाम अवघड केलेली असते असे नाही, पण ती कार्यालयाने कार्यालयासाठी लिहिलेली असते. साधारण असे वाक्य असते: 'प्रभाग क्र. ९ मधील गट क्र. अमुक येथे अंतर्गत रस्ता व नाली बांधकाम करणेकामी प्राप्त निविदा दरास मंजुरी देणेबाबत.' हे वाक्य फळ्यावर तसेच उतरवून उपयोग नाही. 'किराणा दुकानापासून विहाराच्या कोपऱ्यापर्यंतची नाली, ठेकेदाराचा दर मंजूर करायचा आहे' असे लिहिले की अर्ध्या तासात चार माणसे सांगतात की ही नाली तर मागच्याच वर्षी झाली होती. गट नंबराचे ठिकाणात रूपांतर करणे हे आमच्या मते सगळ्यांत मोलाचे काम आहे. त्यासाठी वस्तीतल्या एखाद्या निवृत्त तलाठ्याला, कोतवालाला, भूमी अभिलेखमध्ये काम केलेल्या माणसाला हाताशी धरा. नसेल तर गावचा नकाशा आणि तुमच्या परिसरातले सातबारे किंवा मिळकत पत्रिका एकदा काढून ठेवा. आमच्याकडे हे आधीच असते तर ती शेड कागदावरच अडली असती.

पहिला विषय बहुतेक वेळा 'मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे' हा असतो. लोकांना तो उपचार वाटतो. पण मागच्या सभेत प्रत्यक्ष जे बोलले गेले त्यापेक्षा वेगळे काही लिहिले गेले असेल तर ते दुरुस्त करण्याची जागा तीच आहे. आपल्या नगरसेवकाला ते आधी वाचून जायला सांगा.

आणि शेवटचा विषय. तो असतो, 'मा. अध्यक्षांचे परवानगीने ऐनवेळी येणारे विषय'. नोटिशीत त्याची फक्त ही एक ओळ असते. आत काय येणार ते कोणालाच आधी कळत नाही. आम्ही पाहिलेल्या इतिवृत्तांत कधी ऐनवेळच्या विषयात सफाई कामगारांचा बोनस होता, तर कधी जागा भाड्याने देण्याचा निर्णय होता. पहिला चांगला, दुसरा घातक. विषयपत्रिका वाचून समाधान मानू नका, सभेनंतरचे इतिवृत्त मिळवा. पैशांचे आणि निविदांचे निर्णय बऱ्याचदा स्थायी समितीत होतात, म्हणून तिचेही मागा.

पालिकेतला सभा लिपिक अनेकदा नुसते विनंतीपत्र दिल्यावर प्रत देतो. त्याच्याशी चांगले संबंध ठेवा, तो आपला शत्रू नाही. नाही दिली तर माहिती अधिकार आहेच. जोडपत्र 'अ' मध्ये अर्ज, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदाराला तोही नाही. महाराष्ट्राच्या नियमांत अर्ज एका विषयापुरता आणि दीडशे शब्दांच्या आत असावा लागतो, म्हणून लांबलचक भाषण लिहू नका. 'अमुक ते अमुक कालावधीतील सर्वसाधारण सभांची इतिवृत्ते' एवढे पुरे. तीस दिवसांत उत्तर यायला हवे. त्याच कायद्याच्या कलम ४ नुसार आपल्या सभा जनतेला खुल्या आहेत का आणि त्यांची इतिवृत्ते लोकांना पाहता येतात का, हे पालिकेने कोणी न मागताच जाहीर करायचे असते. किती पालिका करतात, हा प्रश्न तुमच्याच पालिकेला विचारून पाहा.

वाचताना डोळा कुठे ठेवायचा, तर पहिले म्हणजे जागा. विहार, समाजमंदिर, अभ्यासिका, स्मशानभूमी, जयंतीचे मैदान. यातल्या कितीतरी जागा वापरात आपल्या असतात आणि कागदावर नसतात. गावाचा विकास आराखडा जाहीर होतो तेव्हा हरकतींसाठी साधारण महिनाभराची मुदत मिळते. ती मुदत गेल्यावर रस्त्यावर बसून फारसे काही हाती लागत नाही. दुसरे म्हणजे निधी. दलित वस्ती सुधारणेच्या नावाने ओळखला जाणारा निधी आपल्या वस्तीच्या आत खर्च होतो आहे की वस्तीला लागून जाणाऱ्या मुख्य रस्त्यावर, ते कामाचे ठिकाण वाचल्याशिवाय कळत नाही. दुर्बल घटकांसाठी, महिला-बालकल्याणासाठी, दिव्यांगांसाठी पालिकेने राखून ठेवायची रक्कम अंदाजपत्रकात दिसते आणि वर्षाअखेरीस ती कशावर गेली हेही दिसते. अंदाजपत्रकाची विशेष सभा वर्षाच्या सुरुवातीला होते. फेब्रुवारीत तिच्यावर लक्ष ठेवा. बाकी घरपट्टीची आकारणी, पाण्याचे दर, सफाईचा ठेका हे सगळ्यांचेच विषय आहेत आणि तिथे इतर समाजाची माणसेही तुमच्याबरोबर येतील.

एखादा ठराव कायद्याला धरून नसेल किंवा लोकांना त्रासाचा ठरणार असेल तर कलम ३०८ खाली जिल्हाधिकारी त्याची अंमलबजावणी थांबवू शकतात. आम्ही शेडच्या वेळी हाच मार्ग धरला. पण ठराव आठ महिने जुना, काम सुरू झालेले, त्यामुळे प्रत्येक टेबलावर एकच प्रश्न आला: "इतके दिवस कुठे होता?"

व्हॉट्सॲपवर टाकले म्हणजे सांगितले, असे नाही

पहिली चूक आम्ही हीच केली. ग्रुप होता, दोनशेहून जास्त माणसे होती. विषयपत्रिकेचा फोटो टाकला. त्यावर एकवीस जणांनी 'जय भीम' लिहिले, तिघांनी हात जोडले, आणि दुपारपर्यंत सुविचार, वाढदिवस, भाषणाचे व्हिडिओ यांखाली तो फोटो गाडला गेला. रविवारी विचारले तर वाचलेला एक निघाला, तोही फोटो टाकणारा.

मग विहारात फळा लावला. साधा काळा फळा, खडू. डाव्या बाजूला 'सभेच्या आधी', उजव्या बाजूला 'सभेच्या नंतर'. डावीकडे तारीख आणि आपल्या भाषेत उतरवलेले चार-पाच विषय. उजवीकडे त्याच विषयांचे काय झाले. मंजूर, नामंजूर, तहकूब. चोवीसच्या चोवीस विषय लिहायचा मोह आवरला पाहिजे, फळा भरला की कोणी वाचत नाही. पूर्ण प्रत खाली दोरीला बांधून ठेवतो, ज्याला हवी त्याने चाळावी.

आणि रविवारी वंदनेनंतर दहा मिनिटे वाचन. हे दहा मिनिटांचेच ठेवा. पहिल्या दोन रविवारी आमच्यातल्या एकाने अर्धा तास भाषण केले आणि तिसऱ्या रविवारी वंदना संपताच बायका उठून गेल्या. आता एक उपासिकाच वाचते, बारावी झालेली, आवाज खणखणीत. ती वाचते, थांबते, 'कोणाला काही माहीत आहे का' विचारते. वाचता न येणाऱ्या आजीबाई सगळ्यांत जास्त माहिती देतात, कारण कुठली विहीर कोणाच्या काळात बुजवली हे त्यांनाच आठवते.

सभेनंतर सर्वांपुढे वाचन करणे ही काही आम्ही काढलेली नवी टूम नाही. भिक्खूसंघात प्रस्ताव संघापुढे मांडायचा, त्याला ञत्ति म्हणतात. महत्त्वाच्या कामात तो मांडून झाल्यावर तीनदा घोषणा करून विचारायचे आणि कोणी हरकत घेतली नाही तरच ठराव झाला असे समजायचे. मतभेद झाला तर शलाका वाटून मत घ्यायचे. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बोलताना बाबासाहेबांनी याच कार्यपद्धतीचा दाखला दिला होता. प्रस्ताव, गणपूर्ती, मतमोजणी हे सगळे या देशाला नवीन नाही, असे त्यांचे म्हणणे होते. ज्याला ठरावाने बांधले जाणार आहे त्याने तो आधी ऐकलेला असावा, ही त्यातली साधी गोष्ट. तीनदा सोडा, आपल्या पालिकेचा ठराव आपण एकदाही ऐकत नाही.

नगरसेवकांचे काय, हा प्रश्न येतोच. फळा लागल्यावर आपले नगरसेवक पहिले काही आठवडे विहाराकडे फिरकले नाहीत. त्यांना वाटले, आपल्याविरुद्ध मोहीम चालली आहे. आम्ही जाऊन सांगितले की तुम्हीच येऊन वाचा. राखीव जागेवरून आलेल्या माणसाची अडचण समजून घेतली पाहिजे. त्याला तिकीट पक्ष देतो, त्याची मते सगळ्या प्रभागाची असतात आणि सभेत तो एकटा असतो. 'वस्तीने मला हे विचारायला सांगितले आहे' असे म्हणता आले तर त्याचाच जोर वाढतो. आता नोटीस मिळाली की ते तिचा फोटो स्वतः पाठवतात. सगळेच असे करतील याची खात्री आम्ही देत नाही. दुसऱ्या एका गावात नगरसेवकाने फळा पुसून टाकायला लावला. तिथल्या मुलांनी तो विहारातून हलवून चहाच्या टपरीवर लावला आणि तो आधीपेक्षा जास्त वाचला जातो.

मात्र एक गोष्ट स्पष्ट लिहितो, काहींना आवडणार नाही. पालिकेचे इतिवृत्त मागणारे आपण, विहार समितीचे इतिवृत्त कुठे ठेवतो? जयंतीची वर्गणी किती जमली, डीजेवर किती गेली, उरलेली कोणाकडे आहे? पहिल्याच महिन्यात एका काकांनी भर सभेत हा प्रश्न विचारला आणि चार कार्यकर्त्यांचे चेहरे उतरले. काका बरोबर होते. फळ्याची एक चौकट आता विहार समितीच्या जमा-खर्चाला दिली आहे. ती चौकट भरली नसती तर बाकीच्या फळ्यावर कोणी विश्वास ठेवला नसता, असे आम्हाला आज वाटते. समितीची बैठक कधी आहे, कोणते विषय आहेत, हेही आठ दिवस आधी तिथेच लिहितो. पूर्वी बैठकीला पाचच माणसे असायची, नेहमीचीच. आता बायका येतात, म्हणून बैठक रात्री स्वयंपाक उरकल्यावर साडेआठला ठेवावी लागते.

शेडचे पुढे काय झाले

निवेदने, हरकती, जिल्हाधिकारी कार्यालयाच्या चकरा, यात पाच महिने गेले. शेवटी नगरपंचायतीने सुधारित ठराव केला आणि शेडची जागा बदलली. वस्तीत पेढे वाटले. आम्हीही खाल्ले.

नवी जागा कुठे, हे त्या दिवशी आमच्यापैकी कोणीही विचारले नाही. सुधारित ठरावाच्या सभेची विषयपत्रिका फळ्यावर लिहिली होती, पण 'आपली जागा वाचली' एवढेच तिच्यातून वाचले. पुढचा गट नंबर आम्ही ठिकाणात उतरवला नाही. दोन महिन्यांनी कळले की शेड गावाबाहेरच्या पारधी बेड्याला लागून उभी राहते आहे. तिथे फळा नाही, विहार नाही, सभेची नोटीस म्हणजे काय हे सांगणारे कोणी नाही. जे आमच्याबाबतीत झाले तेच त्यांच्याबाबतीत झाले आणि त्या वेळी नोटीस आमच्या हातात होती.

बेड्यावर गेलो तेव्हा एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, "तुम्हाला ठाऊक होतं का जी?" काय उत्तर देणार? ठाऊक होते असे म्हणता येत नाही, नव्हते असेही म्हणता येत नाही. शेड आता बांधून झाली आहे. वास, माश्या, कुत्री यांविषयी बेड्यावरच्या लोकांसह अर्ज दिला आहे. शेडला भिंत आणि दररोज कचरा उचलणे एवढे तरी मिळावे म्हणून तो विषय पुढच्या सभेत घ्यायला आपल्या नगरसेवकांना सांगितले आहे. त्यांनी लेखी पत्र दिले आहे.

तेव्हापासून फळ्याच्या डाव्या बाजूला आधी सतरा प्रभागांतले सगळे गट नंबर ठिकाणांत उतरवतो, मग त्यातले कोणते लिहायचे ते ठरवतो. बेड्यावरची दोन मुले रविवारी वाचनाला येतात. पुढच्या सभेची नोटीस परवा लागली. अठरा विषय आहेत, त्यात शेडच्या भिंतीचा विषय चौदावा आहे. सभा मंगळवारी दुपारी बाराला आहे. ती दोन मुले आणि आमच्यातल्या दोघी मागच्या खुर्च्यांवर बसणार आहेत.